पान पाच, पान सहा

१

१९४५ सालच्या डिसेंबरातला पहिला सोमवार. धुळ्याच्या पांझरा वाचन मंदिरात सकाळी कौतिक मास्तर आले आणि त्यांनी 'तापीकाठ' साप्ताहिकाचा १९३२ सालचा बांधीव खंड मागितला. खिडकीजवळच्या मेजावर बसून त्यांनी अर्धा तास पानं उलटली. मग तो जड खंड दोन्ही हातांनी उचलून ते ग्रंथपालांच्या मदतनीस वच्छलाबाईंच्या मेजाशी आले.

"बाई, तेरा ऑगस्टचा अंक बघा," ते म्हणाले. "चार नंबरच्या पानानंतर एकदम सात आहे."

वच्छलाबाईंनी पाहिलं. पान ओरबाडून काढलेलं नव्हतं. पट्टी धरून, पात्याने, सरळ रेषेत कापलेलं होतं. बांधणीकडे बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिल्लक ठेवली होती आणि ती पुढच्या पानाला चिकटवून टाकली होती. तसं केलं नसतं तर त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे तीन-चार नंबरचं पान, हळूहळू सुटून बाहेर आलं असतं.

कौतिक मास्तर हे निवृत्त शिक्षक. येत्या निवडणुकीत ते मोतीलाल वकिलांच्या विरोधी उमेदवाराचं काम करत होते, आणि मोतीलाल वकील हे वाचन मंदिराचे अध्यक्ष होते. १९३२ म्हणजे सत्याग्रहाचं साल. मास्तर कशाच्या शोधात आले होते हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण दुपारपर्यंत ते साऱ्या पेठेला कळलं होतं.

संध्याकाळी तिघांच्या कार्यकारी मंडळाची बैठक बसली ती अर्धा तास चालली. हिलाल हा अकरा वर्षांपासूनचा शिपाई. कुलपं तोच उघडायचा, फाटकी पुस्तकं तोच चिकटवायचा, खळ तोच शिजवायचा. पान कापणाऱ्याला चिकटवता येत होतं, म्हणून पान हिलालने कापलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून ते त्याने दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून कापलं. मंडळाला एवढं पुरलं. वच्छलाबाईंना बोलावून विचारण्यात आलं, हिलाल वर्तमानपत्रांच्या कपाटापाशी असतो का?

"रोजच असतो," त्या म्हणाल्या.

हे खरंच होतं, कारण त्याचा झाडू त्याच कपाटामागे असे. पण झाडूचं त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. मोतीलाल वकिलांनी ते दोन शब्द लिहून घेतले. हिलालने किल्ल्या मेजावर ठेवल्या. त्याने ग्रंथपाल जीवराम नानांकडे एकदा पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग तो चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरून गेला.

२

जीवराम नाना बासष्ट वर्षांचे होते. तरुणपणी बडोद्याला राहून ते ग्रंथालयाचं काम शिकून आले होते. खानदेशात त्या काळी ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा-घेणारा कारकून. नानांना ते मान्य नव्हतं. कुणी कुळाचा कायदा विचारायला येई, कुणी केळीवरच्या रोगाचं औषध, कुणी आगगाडीचं जुनं वेळापत्रक. प्रत्येकाला त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर आहे ते काढून देणं, हे नाना ग्रंथपालाचं खरं काम मानत.

तीन वर्षांपूर्वी वच्छलाबाई या कामावर आल्या तेव्हा त्या मॅट्रिक होत्या, पण यातलं काहीही त्यांना येत नव्हतं. नानांनी त्यांना रोज एक प्रश्न द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागायचं. दोंडाईच्याला पहिली गाडी कधी थांबली? धरणगावात सरकी काढण्याचा कारखाना कुणी आणला? उत्तर बरोबर असून चालत नसे. ते कुठून मिळालं हे सांगावं लागे. एकदा त्यांनी आठवणीतून उत्तर दिलं तेव्हा नाना म्हणाले होते, "तुमची आठवण मी कपाटात कशी लावू, बाई?"

नाना आणखी एक शिकवत. माणूस प्रथम विचारतो तो त्याचा प्रश्न नसतो. त्याला लाज वाटते, भीती वाटते, किंवा आपल्याला काय हवं ते त्यालाच नीट ठाऊक नसतं. धीराने बोलत राहिलं की मागचा प्रश्न पुढे येतो. आलेला प्रत्येक प्रश्न प्रश्नवहीत नोंदला जाई: तारीख, विचारणाऱ्याचं गाव, प्रश्न, आणि शेवटच्या रकान्यात उत्तराचा आधार.

वच्छलाबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. कुंकू लावत नसत, म्हणून गावाने त्यांना विधवा धरलं होतं. गावाचा हा समज त्यांनी कधी खोडला नव्हता. खरं काय ते फक्त नानांना ठाऊक होतं.

हिलालला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई नानांना म्हणाल्या की त्या पानावर काय होतं ते आपण शोधून काढू. ते कळलं की ते कुणाला नको होतं हेही कळेल. त्यांना वाटलं होतं की नाना लगेच बाह्या सरसावतील.

"पान गेलं," नाना म्हणाले. "गेलेल्या पानामागे लागू नका."

तीन वर्षांत शोधू नका असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते.

३

मग त्यांनी एकटीनेच शोधायचं ठरवलं.

नानांनी 'तापीकाठ'मधल्या मजकुराची सूची करून ठेवली होती. एकेका विषयाचं एकेक कार्ड, प्रत्येकावर अनुक्रमांक, आणि सगळी लांबट खणात ओळीने लावलेली. वच्छलाबाईंनी १९३२ चा खण काढला. कार्ड चारशे अकरावर नानांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'माफीपत्रे. सुटलेल्या सत्याग्रहींची यादी. १३ ऑगस्ट, पान ५.' त्यापुढचं कार्ड चारशे तेरा होतं. मधलं चारशे बारा खणात नव्हतं.

यादी होती हे कळलं, पण यादीत कोण होतं? मूळ कागद नसला तर त्याचे पडसाद शोधायचे, हेही नानांचंच शिकवणं. त्यांनी पुढचा, वीस ऑगस्टचा अंक उघडला. शेवटच्या पानावर तळाशी चार ओळींचा खुलासा होता. एका कापड दुकानदाराने कळवलं होतं की गेल्या अंकातल्या माफीच्या यादीत आलेले मोतीलाल हे आपण नसून त्याच नावाचे वकील आहेत, तरी गिऱ्हाइकांनी गैरसमज करून घेऊ नये.

वच्छलाबाई त्याच दिवशी दुपारी मोतीलाल वकिलांच्या घरी गेल्या. वकिलांनी त्यांना बैठकीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी काहीही नाकारलं नाही. आई मरणाला टेकली होती, म्हणून चार महिन्यांतच सही करून बाहेर आलो, असं ते म्हणाले. आई दोन दिवसांनी गेली. त्यानंतर दोनदा तुरुंगात जाऊन पुरी शिक्षा भोगली, पण ती एक सही पुसली गेली नाही.

"पण मी अध्यक्ष आहे, बाई," ते म्हणाले. "मला ते पान नको असतं तर अख्खा खंड वाचायला म्हणून घरी आणला असता. मला कोण विचारणार होतं? चोरासारखं पातं घेऊन मी कशाला बसू?"

वच्छलाबाईंना ते पटलं. त्यांनी विचारलं, मग हिलालला का काढलं?

चोर सापडला की चौकशी संपते, आणि चौकशी संपली की पानावर काय होतं हे कोणी विचारत नाही, एवढं वकिलांनी सांगितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यांना त्याची लाज वाटत असल्याचंही दिसत नव्हतं.

उठताना वच्छलाबाईंच्या मनात आलं की मोतीलाल वकिलांसाठी ज्याने पान कापलं असतं त्याने कार्ड चारशे अकराही नेलं असतं. ते जागेवर होतं. नेलेलं होतं ते चारशे बारा.

पानाला दोन बाजू असतात. पाचच्या मागे सहा होतं, आणि सहाचा विचार आतापर्यंत एकानेही केला नव्हता.

४

हिलालचं घर नदीकाठच्या वस्तीत होतं. वच्छलाबाई गेल्या तेव्हा तो अंगणात बसून एका शेजाऱ्याच्या खाटेला सुतळी विणत होता. त्याने त्यांना बसायला पोतं टाकलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. त्याची बायको भिकुबाई दारात उभी राहिली. तिने पाणी विचारलं नाही.

वच्छलाबाईंनी विचारलं, खळ कशी शिजवतोस ते सांग.

त्याने सांगितलं. मैदा, पाणी, आणि चिमूटभर मोरचूद.

"मोरचूद नही टाकी तं कसर लागस," तो म्हणाला. "मनी खळ निळी दिखस, बाई. अकरा वरीसमा तुम्हीन बठ्ठासनी देखेल शे."

आपली खळ निळी असते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे, एवढंच त्याने सांगितलं. त्यांनी त्या दिवशी मंडळापुढे काय म्हटलं होतं, ते त्याने काढलं नाही. ते काढलं असतं तर बरं झालं असतं, असं वच्छलाबाईंना परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

वाचनालयात येऊन त्यांनी खंड उघडला. हिलालने पूर्वी डागडुजी केलेल्या पानांच्या कडांवर फिकट निळसर झाक होती. कापलेल्या पानाच्या पट्टीवर ती नव्हती. तिथे पिवळसर, चकचकीत थर होता. ओलं बोट लावताच तो चिकट झाला. तो डिंक होता. डिंकाची बाटली पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला लागायची आणि ती कुलपाच्या खणात असायची. त्या खणाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक नानांकडे आणि एक वच्छलाबाईंकडे.

मग त्यांनी प्रश्नवही काढली आणि मागची पानं चाळली.

एकोणीस नोव्हेंबरची नोंद नानांच्या हातची होती. 'गाव दोंडाईचा. १९३२ सालचे कापसाचे भाव.' तो दिवस त्यांना आठवला. विशीतला एक तरुण आला होता. त्याने 'तापीकाठ'चं १९३२ साल मागितलं होतं. कशासाठी, असं विचारल्यावर तो कापसाच्या भावाचं बोलला, पण कुठल्या महिन्याचे भाव ते त्याला सांगता येईना. वच्छलाबाई पुढे विचारणार तेवढ्यात नाना उठून आले. बाई, तुम्ही जेवून या, मी यांचं बघतो, असं ते म्हणाले होते.

त्या नोंदीपुढे आधाराचा रकाना कोरा होता. आधीची तीन वर्षं त्यांनी उलटून पाहिली. नानांनी तो रकाना दुसऱ्या कुठेही कोरा सोडलेला नव्हता.

५

'तापीकाठ' जळगावात छापलं जाई. ते बंद पडून सात वर्षं झाली होती, पण छापखाना चालू होता. रविवारी वाचनालयाला सुट्टी होती. वच्छलाबाई पहाटेच्या गाडीने निघाल्या, चाळीसगावला गाडी बदलली आणि अकराच्या सुमारास जळगावला उतरल्या.

छापखान्याचे म्हातारे मालक तोताराम आबा छपाईच्या अक्षरांचे खिळे धूत बसले होते. जुन्या अंकांची फाइल वाळवीने खाल्ली, असं त्यांनी सांगितलं. वच्छलाबाई परत फिरल्या नाहीत. पान सहावर बातम्या असत की दुसरं काही, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, सहावर कोर्टाच्या आणि खाजगी जाहीर नोटिसा. मग वच्छलाबाईंनी विचारलं, नोटिशीवरून पुढे कोर्टात वाद झाला तर तुम्ही काय दाखवत होता?

आबांनी हात पुसले. त्यांनी माळ्यावरून एक वही काढून दिली. छापलेली प्रत्येक नोटीस कापून तिच्यात चिकटवलेली होती आणि खाली तारीख घातलेली होती. वाळवी तिथवर पोचली नव्हती.

तेरा ऑगस्टला पाच नोटिसा होत्या. चार जमिनींच्या. पाचवी अशी होती:

'सर्व लोकांस कळविण्यात येते की, माझी पत्नी वच्छला ही दिनांक २९ जुलै रोजी आपखुशीने माझे घर सोडून गेली आहे. तिजला कोणी थारा देऊ नये. तिचा माझ्याशी व माझ्या मिळकतीशी काही एक संबंध राहिलेला नाही. पुना रामजी, मुक्काम दोंडाईचा.'

वच्छलाबाईंनी ती दोनदा वाचली. नवऱ्याने अशी नोटीस छापली होती हे त्यांना तेरा वर्षांत कळलं नव्हतं. त्या घरातून निघाल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. चोरून वाचताना सापडल्या म्हणून पुनाने त्यांचा डावा हात चौकटीत धरून दार लोटलं होतं. करंगळीचं पेर अजूनही वळत नव्हतं. पुण्याला एका आश्रमात राहून त्या शिकल्या. धुळ्याला काम मागायला आल्या तेव्हा नानांना त्यांनी हे सारं सांगितलं होतं, आणि नाना म्हणाले होते की, वाचनालयाला त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

आबांनी विचारलं, सापडलं का हवं ते?

"सापडलं," त्या म्हणाल्या, आणि नोटीस नकलून घ्यायला त्यांनी कागद मागितला. तारीख, पान, वहीचा क्रमांक. आधार त्यांनी पुरा लिहिला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय जेवणासाठी बंद झालं तेव्हा त्यांनी ती नक्कल नानांच्या पुढ्यात ठेवली. डिंक, कार्ड चारशे बारा आणि कोरा रकाना, हे त्यांनी एकामागून एक सांगितलं, रोजच्या प्रश्नाचं उत्तर सांगावं तसं. नानांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"त्या रकान्यात काहीतरी लिहून टाकलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं," ते शेवटी म्हणाले. "खोटा आधार लिहायला हात उचलला गेला नाही."

वच्छलाबाई म्हणाल्या, हिलालला चोर ठरवताना तो उचलावा लागला नाही, नुसतं गप्प राहिलं की झालं.

मग नानांनी सांगायला सुरुवात केली. तो तरुण म्हणजे पुनाचा पुतण्या भिकन. वच्छलाबाई गेल्या तेव्हा तो सात वर्षांचा होता, म्हणून दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. ही नोटीस त्याला मामलेदार कचेरीत दाखवायची होती. नानांनी त्याला खंड बांधणीला दिलाय म्हणून परत पाठवलं आणि त्या आठवड्यात पान कापून जाळलं. नोटीस त्याच्या हाती पडली असती तर गावभर झाली असती. नवरा सोडून आलेल्या बाईला मंडळाने एक दिवस ठेवलं नसतं.

"मी तुझ्यासाठी केलं, वच्छला," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती. "हिलालला हमाली मिळेल, शेतावर काम मिळेल. तुला कुठे मिळालं असतं?"

हे खरं असेल, हे वच्छलाबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. पण नानांनीच शिकवलेली सवय सुटली नव्हती. एक प्रश्न उरला होता. नवरा हयात असताना त्याच्या पुतण्याला तेरा वर्षांपूर्वीची नोटीस मामलेदाराला कशाला दाखवायची होती?

त्यांनी तो विचारला.

"पुना गेला," नाना म्हणाले. "अश्विनात. तापाने."

वच्छलाबाईंना रडू आलं नाही. पुना मेल्याचं दुःख त्यांना नव्हतं. पण दोन महिने त्या खरोखरीच्या विधवा होत्या आणि ते त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. दोंडाईच्यात ठाऊक होतं, भिकनला ठाऊक होतं, आणि रोज समोरच्या मेजावर बसणाऱ्या या माणसाला ठाऊक होतं.

त्यांनी विचारलं, पुनाच्या जमिनीवर भिकनचं नाव लावायला हरकत घ्यायची मुदत होती का?

होती, नाना म्हणाले. नोव्हेंबरअखेर. बायको बेपत्ता आहे असं सांगून, नोटिशीवाचूनही, भिकनने अकरा एकरांवर स्वतःचं नाव लावून घेतलं असणार. नव्या कायद्याने विधवेचा हक्क शेतीतही निघतो, हेही नानांना माहीत होतं. तो कायदा गेल्या वर्षी त्यांनीच एका बाईला काढून दाखवला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," नाना म्हणाले. "आणि हे सगळं मग कोणाच्या हातात द्यायचं होतं मी?"

त्यांनी हाताने कार्डांचे खण दाखवले. वच्छलाबाईंनी तिकडे पाहिलं नाही. कोणी काहीही विचारायला आलं तरी उत्तर दिल्याशिवाय न पाठवणाऱ्या या माणसाने त्यांना त्यांच्याच आयुष्याची बातमी तीन आठवडे दिली नव्हती. ते प्रेम असेल. पण प्रेम म्हणून करंगळी काही वळणार नव्हती.

७

मंगळवारी मंडळापुढे वच्छलाबाईंनी सगळं सांगितलं. नोटिशीची नक्कल त्यांनी स्वतःच वाचून दाखवली, स्वतःच्या नावासकट. पान पाचचा उल्लेख आला तेव्हा मोतीलाल वकील म्हणाले की, अपराध पान सहासाठी झाला हे सिद्ध आहे, तेव्हा पाचची चर्चा अप्रस्तुत आहे. कायद्याने ते बिनचूक होतं. कौतिक मास्तरांनी नंतर बाहेर गाठून विचारलं तेव्हा वच्छलाबाईंनी त्यांना वीस ऑगस्टच्या अंकाचं शेवटचं पान वाचायला सांगितलं. मास्तर म्हणाले, दुकानदाराचा खुलासा सभेत दाखवून रंगत नाही, यादीच हवी होती.

मंडळाने तीन ठराव केले. जीवराम नाना प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होत आहेत, त्यांच्या सेवेबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. वच्छलाबाईंच्या खाजगी परिस्थितीमुळे त्यांना सार्वजनिक मेजावर ठेवणं संस्थेच्या लौकिकास बाधक आहे, सबब त्यांना मोकळं करण्यात यावं. आणि हिलाल याजवरील संशय दूर झाला आहे. मात्र त्याच्या जागी माणूस नेमला गेल्याने पुढे जागा झाल्यास विचार व्हावा.

सत्काराचा दिवस ठरला त्याच सकाळी वच्छलाबाई पत्र्याची पेटी घेऊन निघाल्या. दोंडाईच्याची मोटार दहाला सुटायची होती. तलाठ्याकडून कुठल्या नोंदीची नक्कल मागायची, प्रांतांकडे अपील कुठल्या कलमाखाली करायचं, हे त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं होतं. जमीन मिळेल अशी त्यांना फारशी आशा नव्हती. मोटारीआधी त्या नदीकाठी गेल्या.

हिलाल कामावर निघत होता. कापसाच्या एका जिनात गाठी वाहायचं काम त्याला लागलं होतं. त्यांनी ठरावाची नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी धरून पाहिली आणि परत दिली.

"वाची दखाडा," तो म्हणाला.

त्यांनी वाचून दाखवलं. भिकुबाई दारात येऊन ऐकत उभी राहिली.

"संशय दूर व्हयना, असं लिखेल शे," तो म्हणाला. "संशय कोन्ही लिया व्हता, ते लिखेल शे का?"

वच्छलाबाईंनी पुन्हा कागदावरून नजर फिरवली. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मंग ते बी लिखा, बाई. माले वाचता येत नही. पन मना पोऱ्ये कधी वाचतीन."

पेटीवर कागद ठेवून त्या लिहायला बसल्या. मंडळाच्या तिघांची नावं त्यांनी लिहिली. चौथं नाव जीवराम नानांचं, समोर लिहिलं: ठाऊक असून गप्प राहिले. मग त्यांनी पाचवं नाव लिहिलं, आपलं स्वतःचं, आणि त्यापुढे, काय विचारलं गेलं आणि काय सांगायचं राहिलं ते.

हिलालने सगळी नावं त्यांच्याकडून वाचून घेतली. पाचव्या नावाला त्याने मान वर केली. तो रागावलेला दिसत नव्हता, की निवळलेलाही.

"आखो एक डाव वाचा," तो म्हणाला. "ते शेवटलं."

त्यांनी ते परत वाचलं. भिकुबाईने पुढे होऊन कागद त्यांच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि आत नेला. हिलाल कामाला निघून गेला. दहाच्या मोटारीला अजून वेळ होता, आणि वच्छलाबाई पेटीपाशी उन्हात बसून राहिल्या.